यंत्रामागचे घर

स्वयंपाकघराच्या नूतनीकरणात जी महागडी उपकरणे घेतली जातात, म्हणजे धूर ओढणारी चिमणी, ओट्यात बसवलेला हॉब, भिंतीतला ओव्हन, डिशवॉशर आणि मोठा फ्रिज, त्यांतील प्रत्येक उपकरण कोणते तरी एक घर डोळ्यांसमोर ठेवून घडवलेले असते. त्या घरातल्या नळाला किती दाब असतो, उन्हाळ्यात तिथला पारा कुठवर चढतो, ताटात काय वाढले जाते आणि भांड्यांचा तळ सपाट असतो की गोल, याविषयीची गृहीतके यंत्राच्या मापांत, मोटरीत आणि चाचण्यांत आधीच शिरलेली असतात. ही गृहीतके पुण्यातल्या, नागपुरातल्या किंवा मडगावातल्या घराशी जुळली तर खर्चाचे चीज होते. जुळली नाहीत तर तेच यंत्र वर्षभरात सामान ठेवायची जागा बनते, आणि त्यात दोष यंत्राचा नसतो, निवडीचा असतो. सुटे उपकरण मिळेल त्या जागेशी जमवून घेते, परंतु ओट्यात किंवा कपाटात कायमचे बसवायचे उपकरण जागेकडून नेमकेपणाची मागणी करते, म्हणून किंमत वाढत जाते तसतसे हे जुळवण्याचे काम अधिक काटेकोर होत जाते.

या मापांचा इतिहास युरोपातील आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात कामगारांसाठी मोठ्या प्रमाणावर घरे बांधली गेली, तेव्हा व्हिएन्नाच्या वास्तुविशारद मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये सुमारे साडेसहा चौरस मीटरचे एक आटोपशीर स्वयंपाकघर आखले. स्वयंपाक करणाऱ्या बाईची पावले आणि हालचाली मोजून, आगगाडीच्या डब्यातल्या चिंचोळ्या स्वयंपाकघरापासूनही धडे घेऊन त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरवली होती, आणि अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे त्या शहरात बसवली गेली. सलग ओटा, त्याखाली व वर कपाटे ही आज जगभर दिसणारी रचना या वाटेने आली, आणि पुढे युरोपात ६० सेंटीमीटर हे रुंदीचे माप रूढ झाले. ओव्हन ६० सेंटीमीटरचा, डिशवॉशर ६० सेंटीमीटरचे, लहान हॉब ६० सेंटीमीटरचा, असे हे जग त्या एका मापाच्या पटीत चालते.

महाराष्ट्रातील ओटा मात्र वेगळ्या परंपरेतून घडला. कडप्प्याच्या उभ्या फरश्या भिंतीशी काटकोनात उभ्या करायच्या, त्यांवर आडवी फरशी आणि तिच्यावर ग्रॅनाइट टाकायचा, मग मधल्या खणांत ट्रॉल्या बसवायच्या, ही गवंड्याची पद्धत भक्कम आहे, पण उभ्या फरश्यांमधले अंतर ५५ किंवा ५८ सेंटीमीटर निघाले तर ६० सेंटीमीटरचे यंत्र तिथे शिरत नाही, आणि उभी फरशी नेमकी हॉबच्या खाली आली तर ग्रॅनाइटला खाच पाडता येत नाही. उंचीचेही तसेच आहे. ओट्याखाली बसणाऱ्या डिशवॉशरला साधारण ८१.५ सेंटीमीटर मोकळी उंची लागते, म्हणजे फरशी आणि ग्रॅनाइटची जाडी धरून ओटा ३४ इंचांच्या आसपास किंवा थोडा वर हवा, तर जुन्या घरांतील ओटे ३२ इंचांवरही आढळतात. त्यात आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. ओट्यावर ठेवायच्या शेगडीवर भांडे ओट्यापासून सुमारे १० सेंटीमीटर वर राहते, आणि ओट्यात बसवलेल्या हॉबवर ते ४ ते ५ सेंटीमीटरच वर राहते. म्हणजे शेगडी काढून हॉब बसवला की भांडे दोनेक इंच खाली येते आणि उंच व्यक्तीला वाकावे लागते. म्हणून उपकरणांची नावे आणि क्रमांक निश्चित झाल्याशिवाय ओट्याची उंची व खणांची रुंदी ठरवणे हा या कामातील सर्वांत महाग पडणारा उतावळेपणा आहे.

उपकरणांपैकी सर्वाधिक विचार चिमणीचा व्हावा, आणि प्रत्यक्षात सर्वांत कमी विचार तिचाच होतो. तडतडत्या तेलातली मोहरी, मिरचीचा ठसका, मासळी तळण्याचा वास आणि तव्यावर जळणारे पीठ यांतून जी हवा तयार होते, तिच्यात तेलाचे सूक्ष्म थेंब, वाफ आणि ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने उच्च तापमानाच्या तळणीतून निघणाऱ्या धुराला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकले आहे. चिमणी ही घर चकाचक ठेवण्याची वस्तू नसून श्वासाची वस्तू आहे, हे मान्य केले की तिच्यावरचा खर्च आणि तिच्या नळीसाठी भिंतीला पाडलेले भोक, दोन्ही वेगळ्या नजरेने पाहिले जातात.

चिमणीची ताकद ताशी किती घनमीटर हवा ओढली जाते या आकड्यात सांगतात, आणि जाहिरातीत तो १,२०० किंवा १,५०० असा भव्य असतो. तीन मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच स्वयंपाकघरात २१ घनमीटर हवा असते; ती तासाला १० ते १५ वेळा बदलावी हा रूढ ठोकताळा लावला तर गरज २१० ते ३१५ घनमीटरची निघते, आणि रोज फोडण्या व तळण असलेल्या घरासाठी ती दुप्पट धरली तरी ६०० च्या आसपास थांबते. मग १,२०० चा आकडा कशासाठी, याचे उत्तर नळीत आहे. पुष्कळदा हा आकडा नळी न जोडता, मोकळ्या हवेत मोजलेला असतो. नळी जोडली, तिला दोन काटकोनी वळणे दिली आणि बाहेरच्या टोकाला जाळी बसवली की हवेला अडथळा होतो, आणि या अडथळ्याविरुद्ध हवा ढकलण्याची पंख्याची क्षमता, जिला स्थितिक दाब म्हणतात आणि जी पास्कल या एककात मोजतात, तिच्यावर खरी ओढ अवलंबून असते. माहितीपत्रकात दाबाचा आकडा दिलेला नसेल तर तो मागून घ्यावा. जो विक्रेता तो देऊ शकतो त्याच्या इतर आकड्यांवरही अधिक विश्वास ठेवता येतो.

नळीच्या व्यासाचे गणित तर घरच्या घरी करता येते. सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटर व्यासाच्या नळीतून ताशी ४०० घनमीटर हवा जाते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सव्वासहा मीटरच्या आसपास असतो. त्याच नळीतून १,२०० घनमीटर घालवायचे म्हटले तर वेग सेकंदाला जवळजवळ १९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६८ किलोमीटर होतो, आणि एवढ्या वेगाने वाहणारी हवा आवाज केल्यावाचून राहत नाही. गवंड्याने सोयीसाठी चार इंची भोक पाडून ठेवले तर क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी होते आणि कितीही महागडी चिमणी त्या भोकाची कैदी होते. म्हणून सहा इंचांचे भोक, शक्य तितकी सरळ व आखूड नळी, आणि सुरकुत्यांच्या लवचीक नळीऐवजी आतून गुळगुळीत नळी या तीन गोष्टी मोटरीच्या ताकदीपेक्षा जास्त काम करतात. नळी इमारतीच्या बंदिस्त डक्टमध्ये सोडली तर धूर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात शिरतो, त्यामुळे ती मोकळ्या बाजूला काढणे आणि त्यासाठी सोसायटीची परवानगी आधी घेणे हे शेजारधर्माला धरून आहे.

जी हवा बाहेर जाते तेवढी आत यावी लागते, हा नियम साधा असला तरी विसरला जातो. ताशी ४०० घनमीटरने ओढणारी चिमणी २१ घनमीटरच्या खोलीतली सगळी हवा तीन मिनिटांत रिकामी करू पाहते. खिडक्या-दारे बंद असतील तर ती ओढ क्षीण होते, किंवा हवा मिळेल तिथून येते. न्हाणीघरात ज्वलनवायू बाहेर सोडणारा गॅस गिझर असेल तर त्याच्या नळीतून विषारी कार्बन मोनॉक्साइड घरात परत खेचला जाण्याची शक्यता असते, म्हणून चिमणी चालू असताना स्वयंपाकघराची एक खिडकी थोडी उघडी राहील अशी सोय नूतनीकरणातच करावी. नळीच नसलेल्या, कोळशाच्या गाळणीतून हवा फिरवून पुन्हा खोलीत सोडणाऱ्या चिमण्या मराठी स्वयंपाकासाठी घेऊ नयेत, असे ठामपणे म्हणता येईल. कोळसा थोडा वास शोषतो, पण उष्णता, वाफ आणि ज्योतीचे वायू तिथेच राहतात.

जाळीच्या गाळण्या तेलाने लवकर तुंबतात आणि वळणदार पट्ट्यांच्या गाळण्या, ज्यांत हवा वळते पण जड थेंब पट्टीवर आपटून खाली ओघळतात, त्या जास्त टिकतात. स्वयंस्वच्छता म्हणून जी सोय विकली जाते तिच्यात आतला हीटर साठलेले तेल वितळवून एका वाटीत उतरवतो. त्याने पंख्याभोवतीचे तेल कमी होते, नळीतले होत नाही. चिमणीची रुंदी हॉबएवढी किंवा थोडी जास्त हवी आणि गॅसच्या ज्योतीपासून तिची उंची साधारण ६५ ते ७५ सेंटीमीटर हवी. फाबर ही १९५५ मध्ये आणि एलिका ही १९७० मध्ये सुरू झालेली कंपनी, या चिमण्यांच्या दोन्ही मोठ्या कंपन्या इटलीतील फाब्रियानो या एकाच गावच्या, आणि दोघींनीही भारतात कारखाने उभारल्यामुळे फोडणीचा धूर आता त्यांच्या आखणीत थोडाफार आला आहे. तरीही नळी, भोक आणि खिडकी यांची जबाबदारी घरमालकाकडेच राहते.

हॉबच्या बाबतीत पहिला प्रश्न इंधनाचा. सिलिंडरमधला एलपीजी आणि नळाने येणारा नैसर्गिक वायू यांची उष्णता सारखी नसते. तेवढ्याच आकारमानात एलपीजीमध्ये जवळजवळ अडीचपट उष्णता असते, शिवाय दोघांचा दाबही वेगळा असतो, म्हणून बर्नरखालचे जेट, म्हणजे वायू बाहेर सोडणारे बारीक छिद्र, दोन्हींसाठी निरनिराळ्या मापाचे लागते. मुंबई-पुण्यात सिलिंडरवरून नळाच्या गॅसवर येणाऱ्या घरांनी हॉब घेतानाच दोन्ही जेट मागून ठेवावीत. भारतात घरगुती एलपीजी शेगडी सुमारे ३० मिलिबार दाबावर चालते, जर्मनी व ऑस्ट्रिया येथे तो दाब ५० मिलिबार असतो. त्यामुळे परदेशातून थेट आणलेल्या हॉबवरची दाबाची नोंद वाचल्याखेरीज तो जोडणे धोक्याचे आहे. भारतीय मानक ब्युरोच्या एलपीजी शेगडीच्या मानकात किमान ६८ टक्के औष्णिक कार्यक्षमता, म्हणजे जळालेल्या वायूच्या उष्णतेपैकी भांड्यातल्या पाण्यापर्यंत पोहोचणारा वाटा, अपेक्षित आहे, आणि आयात केलेल्या देखण्या हॉबविषयी हा आकडा आवर्जून विचारावा.

हॉबची ज्योत पिवळी किंवा मंद असल्याची तक्रार बहुधा बर्नरमुळे नसते. बर्नरला जळण्यासाठी लागणारी हवा हॉब खालून घेतो, आणि खालचे कपाट चहूबाजूंनी बंद असेल तर ती त्याला मिळत नाही. कपाटाला झरोके ठेवावेत, आणि ते कुठे ठेवायचे हे इंधनावरून ठरवावे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तळाशी साठतो, म्हणून झरोका तळाला हवा; नैसर्गिक वायू हलका असल्याने वर चढतो, म्हणून त्याच्यासाठी वर हवा. ज्योत विझताच वायू बंद करणारी सुरक्षा झडप सर्वच बर्नरना असावी. दोन धातूंच्या जोडाला उष्णता लागताच निर्माण होणाऱ्या काही मिलिव्होल्टच्या विजेवर ती झडप उघडी राहते, आणि दूध उतू जाऊन किंवा वाऱ्याने ज्योत विझली की काही सेकंदांत मिटते. कळ थोडा वेळ दाबून धरावी लागते म्हणून ही सोय नाकारणारे ग्राहक असतात, ते फार चुकीचे आहे.

बर्नरच्या संख्येची हौस मात्र आवरावी. ६० सेंटीमीटरच्या हॉबवर चार बर्नर असले तरी एका बाजूला कढई आणि दुसऱ्या बाजूला मोठे पातेले ठेवल्यावर उरलेल्या दोन बर्नरवर काही ठेवता येत नाही. ७५ सेंटीमीटर रुंदीत तीन बर्नर, तेही एका रांगेत किंवा मागचा बर्नर भिंतीपासून पुरेसा दूर, ही मांडणी पुरणपोळीचा मोठा तवा आणि आठ लिटरचा कुकर एकाच वेळी सांभाळते.

इंडक्शनच्या शेगडीत ज्योत नसते. काचेखालच्या तारेच्या वेटोळ्यातून सेकंदाला २० हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारी वीज वाहते, त्यामुळे बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाने भांड्याच्या तळातच वीज खेळून भांडे स्वतः तापते. उष्णता वाया फार कमी जाते, ओटा तापत नाही, धुराचा एक मोठा स्रोत नाहीसा होतो. परंतु त्यासाठी तळाला लोहचुंबक चिकटणारे, सपाट बुडाचे भांडे लागते. साधा ॲल्युमिनियमचा कुकर, पितळी पातेले, तांब्याच्या बुडाची कढई, गोल बुडाची लोखंडी कढई, यांतले काहीच तिथे नीट चालत नाही. भाकरीची अडचण वेगळीच आहे. तव्यावर भाजलेली ज्वारीची भाकरी शेवटी थेट आचेवर धरली की टम्म फुगते, भरतासाठी वांगे ज्योतीवरच भाजावे लागते, पापडाचेही तेच, आणि ही कामे इंडक्शनवर होत नाहीत. दोन गॅस बर्नर आणि एक किंवा दोन इंडक्शनच्या जागा असा मिश्र हॉब मराठी घराला अधिक मानवतो. दूध, चहा, वरण-भात विजेवर आणि भाकरी-भरीत आचेवर. निव्वळ इंडक्शनचा चार जागांचा हॉब पूर्ण क्षमतेने सुमारे सात किलोवॉट वीज घेतो, म्हणजे २३० व्होल्टला ३० अँपिअरहून जास्त, आणि एवढा भार घराच्या मंजूर भारात बसतो का हे वीज कंपनीच्या बिलावर पाहून, गरज असल्यास तो वाढवून घेतल्याखेरीज असा हॉब घेऊ नये.

भिंतीतल्या ओव्हनवर महाराष्ट्रात होणारा खर्च अनेकदा हौसेपोटी होतो. केक, नानकटाई, पिझ्झा यांपलीकडे रोजच्या जेवणात ओव्हनचे काम थोडे आहे, आणि ७० लिटरचा कोरडा ओव्हन महिन्यातून दोनदा तापवायचा असेल तर त्यासाठी भिंतीची उत्तम जागा अडवणे शहाणपणाचे नाही. गोव्यातील घरात चित्र थोडे बदलते. बिबिंकाचा प्रत्येक थर वरून भाजावा लागतो, पूर्वी त्यासाठी झाकणावर निखारे ठेवत, आणि वरचा हीटर एकटा चालवता येणारा ओव्हन हे काम सरळ करतो; तिथे ओव्हन निवडताना वरच्या हीटरचे वेगळे नियंत्रण हीच पहिली अट असावी.

वाफेच्या ओव्हनची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि दुकानांत तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष वेधले जाते. यात पाण्याच्या टाकीतून तयार झालेली वाफ साध्या दाबावर, १०० अंश सेल्सिअसला बंद कप्प्यात सोडली जाते. युरोपीय ग्राहकासाठी भाजी आणि मासा उकडण्याकरिता बनवलेले हे यंत्र उकडीचे मोदक, अळूवडी, कोथिंबीरवडी, पातोळ्या, इडली आणि ढोकळा यांना अगदी सोयीचे आहे. मोदकपात्रात एका वेळी मावतात त्याच्या दुप्पट-तिप्पट मोदक छिद्रांच्या तबकांवर दोन-तीन थरांत ठेवता येतात आणि पाणी आटून तळ करपण्याची भीती राहत नाही. वाफ आणि कोरडी उष्णता दोन्ही देणारा एकत्रित ओव्हन महाग असतो, पण कोकणी वळणाच्या स्वयंपाकघरात एकच मोठी चैन करायची असेल तर ती ही करावी, कारण इथे परक्या घरासाठी रचलेले यंत्र योगायोगाने आपल्या घराला नेमके लागू पडले आहे.

डिशवॉशर हे गृहीतकांचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावच्या जोसेफिन कॉक्रन यांनी घरातल्या चिनी मातीच्या बशा मोजून त्या मापाचे तारेचे कप्पे केले, कप्पे एका चाकावर बसवले आणि खालून गरम साबणपाण्याचे फवारे सोडले. या यंत्राचे पेटंट त्यांना २८ डिसेंबर १८८६ रोजी मिळाले आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते गाजले. म्हणजे जन्मापासूनच हे यंत्र विशिष्ट ताटल्यांच्या मापाने घडलेले आहे. आजही त्याची क्षमता १२ किंवा १४ 'प्लेस सेटिंग' अशी सांगतात, आणि एका सेटिंगमध्ये एका माणसाच्या युरोपीय जेवणाच्या बशा, कप-बशी, पेला व काटे-चमचे मोजले जातात. युरोपीय चाचणीत ही भांडी दूध, चहा, खिमा, अंडे, ओटची लापशी, पालक आणि मार्गारिन यांनी मुद्दाम माखतात. त्या यादीत हळद नाही, फोडणीचे तेल नाही आणि बुडाला लागलेला भातही नाही. त्यामुळे चौदाच्या यंत्रात चौघांच्या कुटुंबाची एका दिवसाची ताटे, वाट्या, पेले बसतील, पण कढई, कुकर आणि परात त्यांच्या सोबत बसवायची असतील तर खालच्या कप्प्यातले दांडे आडवे होतात का, वरचा कप्पा उंच करता येतो का आणि ७० अंशांची तीव्र धुलाई आहे का, हे प्रत्यक्ष घरची कढई दुकानात नेऊन पाहावे. असे करण्यात संकोचण्यासारखे काही नाही.

सगळी भांडी यंत्रात घालायची नसतात. डिशवॉशरची पावडर अल्कधर्मी असते, तिने ॲल्युमिनियम व हिंडालियम काळे पडते. लोखंडी तवा गंजतो, कल्हईची भांडी कल्हई गमावतात, पोळपाट-लाटणे फुगून तडकते. स्टील, काच आणि चिनी मातीची भांडी यंत्राला सर्वांत चांगली मानवतात, आणि मराठी घरात स्टील भरपूर असल्याने हे जमते. प्लॅस्टिकच्या डब्याला लागलेला हळदीचा पिवळा रंग यंत्राने जात नाही. तो उन्हात ठेवल्याने फिकट होतो.

पाण्याबाबत दोन गृहीतके तपासावी लागतात. पहिले दाबाचे. पाण्याच्या दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो, आणि पुष्कळ डिशवॉशरना किमान अर्धा बार दाब लागतो. इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर गच्चीवरच्या टाकीचा तळ आणि यंत्राचा नळ यांत जेमतेम चार मीटरचे अंतर असेल तर दाब ०.४ बारच्या आसपासच राहतो, म्हणून तिथे दाब वाढवणारा छोटा पंप लागतो. दुसरे गृहीतक पाण्याच्या जडपणाचे. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालेल, असे म्हटले आहे; टँकर व बोअरच्या पाण्यावर जगणाऱ्या उपनगरांत पहिली मर्यादा सहज ओलांडली जाते. चांगल्या डिशवॉशरमध्ये राळेच्या बारीक मण्यांचा एक कप्पा असतो, जो पाण्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम पकडून त्याऐवजी सोडियम सोडतो, आणि मण्यांची शक्ती परत आणण्यासाठी त्याला जाडे मीठ द्यावे लागते. हा कप्पा पाण्याच्या तपासणीनुसार लावून घेतला नाही तर काचेवर पांढरा थर बसतो आणि ठपका पावडरीवर ठेवला जातो. हा कप्पाच नसलेले स्वस्त यंत्र बोअरच्या पाण्याच्या घरी घेऊ नये.

फ्रिजच्या मागच्या पट्टीवर एक-दोन रोमन अक्षरे असतात, ती बहुतेक ग्राहक वाचत नाहीत. ही हवामानाची श्रेणी आहे. 'एन' श्रेणीचा फ्रिज भोवतालचे तापमान १६ ते ३२ अंशांत असेल असे धरून बनवलेला असतो, 'एसटी' ३८ अंशांपर्यंत आणि 'टी' ४३ अंशांपर्यंत. चंद्रपूर, अकोला, नागपूर येथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि बंद स्वयंपाकघरात शेगडीच्या शेजारी तो त्याहून अधिक असू शकतो. त्यामुळे विदर्भातील घरासाठी 'टी' श्रेणीखालचा कोणताही फ्रिज, मग तो कितीही प्रतिष्ठित नावाचा असो, विचारात घेऊ नये, आणि कपाटात पूर्ण बंद होणारा फ्रिज घेतला तर त्याची उष्णता बाहेर पडायला खाली व वर झरोके ठेवावेत. पुण्याजवळच्या रांजणगावात व्हर्लपूल, एलजी आणि हायर या तिन्ही कंपन्यांचे फ्रिजचे कारखाने आहेत, त्यामुळे इथल्या उन्हाळ्याचा विचार केलेले नमुने सहज उपलब्ध असतात. अडचण येते ती मुख्यतः युरोपातून आयात केलेल्या, कपाटात दडवायच्या फ्रिजच्या बाबतीत.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या लेबलवरील ताऱ्यांपेक्षा वर्षाला लागणाऱ्या युनिटांचा आकडा अधिक बोलका असतो. तारे त्या आकाराच्या फ्रिजांमधील तुलना सांगतात, म्हणून मोठा पंचतारांकित फ्रिज लहान तीन तारांकित फ्रिजपेक्षा जास्त वीज घेऊ शकतो. शिवाय ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक होत असल्याने लेबलवरचे वर्ष पाहावे. दोन दारांच्या रुंद फ्रिजची रुंदी सुमारे ९१ सेंटीमीटर आणि खोली ७० सेंटीमीटरपेक्षा जास्त असते, तर पुष्कळ फ्लॅटमधील स्वयंपाकघराचे दार ७५ सेंटीमीटरचे असते. लिफ्ट, जिन्याचे वळण आणि दार मोजल्याशिवाय असा फ्रिज मागवू नये, आणि आतल्या फळ्यांमध्ये दुधाचे व आंबवलेल्या पिठाचे पातेले झाकणासह उभे राहते का, हेही मोजून पाहावे, कारण रुंदी निम्मी झालेल्या उभ्या कप्प्यात परात तर शिरतच नाही.

अमेरिकेतून परतणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे तिथली उपकरणे सोबत आणावीत का, हा प्रश्न असतो. तिथली वीज १२० व्होल्ट व ६० हर्ट्झची, इथली २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची. रोहित्र लावून व्होल्ट बदलता येतात, हर्ट्झ बदलत नाहीत, त्यामुळे ६० हर्ट्झसाठी बनवलेली साधी मोटर इथे हळू फिरते आणि जुन्या धाटणीच्या मायक्रोवेव्हमधले रोहित्र जास्त तापते. ती उपकरणे तिथेच विकून यावीत.

कामाचा क्रम या सर्वांतून आपोआप ठरतो. आधी घरात काय शिजते आणि कोणती भांडी वापरात आहेत याचा हिशेब, मग उपकरणांचे नमुने निश्चित करून त्यांची बसवणुकीची मापपत्रके मिळवणे, त्यानंतर प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि गवंडी यांचे काम, आणि सुतार सर्वांत शेवटी. ओव्हन, डिशवॉशर, इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह यांना प्रत्येकी स्वतंत्र वायर व स्वतंत्र एमसीबी हवा, सॉकेट यंत्राच्या थेट मागे न ठेवता शेजारच्या कपाटात ठेवावे, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी यंत्र न उपसता ते बंद करता येते. अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरची गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी बसवावा. नमुना आधी ठरवावा, पण वस्तू आधी घरात आणू नये. दसरा-दिवाळीच्या सवलतीत घेतलेले खोके काम संपेपर्यंत सिमेंटच्या धुळीत पडून राहते आणि वॉरंटीची मुदत बिलाच्या तारखेपासून मोजली जात असेल तर त्यातले काही महिने खोक्यातच सरतात.

उरतो दुरुस्तीचा प्रश्न. मार्च २०२१ पासून युरोपीय संघात फ्रिज व डिशवॉशरचे अनेक सुटे भाग तो नमुना बाजारातून गेल्यावरही ७ ते १० वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर आहे, परंतु त्या बंधनाचा लाभ भारतातल्या ग्राहकाला आपोआप मिळत नाही. म्हणून खरेदीपूर्वी विचारण्याचे प्रश्न ठरलेले असावेत: या शहरात कंपनीचा स्वतःचा तंत्रज्ञ आहे की तो मुंबईहून येतो, नियंत्रण पट्टी म्हणजे पीसीबी साठ्यात असते की परदेशातून मागवावी लागते, तिची आजची किंमत किती, आणि दमट हवेने किंवा झुरळांनी बिघडलेली पीसीबी वॉरंटीत धरली जाते का. मुंबई आणि कोकणाच्या दमट हवेत हा शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त पैशाचा ठरतो, कारण उष्ण आणि अंधाऱ्या जागेच्या शोधात झुरळे नेमकी याच पट्टीवर वस्ती करतात आणि वॉरंटीच्या अटींमध्ये किड्यांमुळे झालेले नुकसान बहुधा वगळलेले असते. तेव्हा अटींचा कागद बिल भरण्यापूर्वी मागून, तो भाग वाचूनच सही करावी.